सैनिकाचं ऋण आणि खिडकीपुढची रांग

(सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त नाशिकरोड इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आपल्या नाशिकरोड-देवळालीला तोफेचा आवाज नवा नाही. रेंजवर फायरिंग सुरू झालं की तावदानं थरथरतात, लहान मूल दचकतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "काही नाही रे, मिलिटरीवाले आहेत." इथल्या तोफखाना केंद्रात देशभरातली पोरं येऊन गनर होतात. तोफखान्याचा वेगळा ध्वज नसतो, तोफ हाच त्यांचा ध्वज. सुट्टीच्या दिवशी बाजारात बारीक केस कापलेल्या या मुलांचे घोळके दिसतात. आपण बाजूला होऊन वाट देतो आणि आपला त्यांचा संबंध तिथेच संपला असं धरून चालतो.

तो तिथे संपत नाही. तोफखान्याचं अभिलेख कार्यालय, म्हणजे आर्टिलरी रेकॉर्ड्स, याच नाशिकरोड कॅम्पात आहे. गढवालमधल्या गनरचं लग्न झालं, तमिळनाडूतल्या हवालदाराला मूल झालं, पंजाबातला एखादा सुभेदार वारला, की नोंदीसाठी कागद आपल्या गावात येतो. देशभर कितीतरी घरांतल्या ट्रंकांमध्ये नाशिकरोडचा पत्ता असलेली पाकिटं जपून ठेवलेली असतील. म्हणून सैनिकांबद्दलच्या कृतज्ञतेवर बोलायचं तर मी पुतळ्यांपासून सुरुवात करणार नाही, कागदांपासून करते. बँकेत पेन्शनच्या खिडकीवर मी बरीच वर्षं काढली. आता माजी सैनिकांच्या घरच्यांचे अर्ज भरून देते.

जवानाचं पार्थिव गावी येतं तेव्हा पंचक्रोशी लोटते. शाळा बंद, दुकानं बंद, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. सलामीच्या फैरी झडतात, "अमर रहे"च्या घोषणांनी घसा बसतो. त्या दिवशी रडणारं गाव मनापासून रडत असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तेरावा होतो, मांडव निघतो आणि मग त्या घरातल्या बाईच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी येते. तिच्यात मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, लग्नाचा फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स. ती पिशवी घेऊन तिला पुढची कित्येक वर्षं हिंडायचं असतं.

घोडं कुठे अडतं ते सांगते. आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत होती, अजून काही घरांत आहे. माहेरची शांता सासरी येऊन मंगल होते. पलटणीच्या कागदात नवऱ्याने लिहून दिलेलं नाव एक, आधारवर दुसरं. जन्मतारखेचं तसंच. गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट 1 जून लिहिलेली, आणि रेकॉर्डला तिसरंच काहीतरी. लग्नाची किंवा मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या दप्तरातली अधिकृत नोंद, निघालेली नसली, तर नवरा गेल्यावर ही बाई त्याची बायको आहे हे तिला नव्याने सिद्ध करावं लागतं. शपथपत्र, सरपंचाचा दाखला, पुन्हा शपथपत्र. तिचा नवरा सियाचीनच्या बर्फात उभा होता तेव्हा त्याला कुणी दुसऱ्यांदा नाव विचारलं नव्हतं.

निफाड तालुक्यातल्या एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. मालक तोफखान्यातून निवृत्त झालेले, पुढे आजारपणात गेले. कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालतं. अंगठा मशीनवर ठेवला की लाल दिवा लागायचा. ठसा उमटेचना. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. आयुष्यभर कांदा कापून आणि द्राक्षबागेत मजुरी करून बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या, अंगठ्याच्या पेरावर विळ्याच्या चिरा. खिडकीतला पोरगा म्हणत होता, "आजी, नीट दाबा ना." त्या पदराला अंगठा पुसत आणि पुन्हा ठेवत. तो पोरगा वाईट नव्हता, मागे रांग होती. पण 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, निघतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आजींना तर कोण सांगणार? आम्ही बाहेर पायरीवर उजेडात त्यांना बसवलं, सुनेच्या फोनवर ॲप घेतलं, डोळ्यांची उघडझाप केली आणि काम झालं.

आणखी एक सांगायचं आहे. आपण आभार मानतो ते बहुतेक गेलेल्यांचे. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे आठवा. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या इंजिनिअर पलटणीचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूच्या माऱ्यात, स्वतः जखमी असताना, सुरुंग काढत आणि अडथळे हटवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र मिळालं. पण राणे जगले. मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 साली पुण्यात वारले. त्यांच्यासारखी परत आलेली माणसं आपल्या गल्लीत राहतात. साधा जवान पेन्शन घेऊन घरी येतो तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असतो. ज्या वयात इतरांचा जम बसतो, त्या वयात हा सिक्युरिटीच्या नोकरीसाठी बायोडेटा घेऊन फिरतो. मुलाची पहिली पावलं त्याने पाहिलेली नसतात, बापाच्या अंत्यविधीला तो पोचलेला नसतो. त्याग म्हणतात तो हाही आहे, आणि त्याला सलामीच्या फैरी नसतात.

1999 च्या कारगिल युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे डागले. द्रासच्या डोंगरांवर चढणाऱ्या पायदळाला त्यांचा आधार होता. बोफोर्सचा एक गोळा साधारण 43 किलोचा, तो माणसाने उचलायचा, आणि पुन्हा पुन्हा उचलायचा. तोफेपाशी नोकरी काढलेल्या पुष्कळांना उतारवयात ऐकू कमी येतं. खिडकीवर त्यांचं नाव पुकारलं जातं, त्यांना ते ऐकू येत नाही, नंबर जातो. तक्रार करणं त्यांच्या अंगवळणी नाही. ते रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहतात. मला हे पाहवत नाही, आणि तुम्हालाही पाहवू नये असं वाटतं.

ध्वजदिन 1949 पासून दर 7 डिसेंबरला पाळला जातो. ध्वजनिधीतून युद्धात जायबंदी झालेल्यांचं पुनर्वसन होतं, माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या कुटुंबांना मदत होते. तेव्हा मुलांनी डबा पुढे केला तर हात आखडू नका. पण तेवढ्यावर सुटका करून घेऊ नका. आपल्या गावात, सोसायटीत वीरमाता, वीरनारी किंवा माजी सैनिकाची पत्नी असेल तर तिच्या घरी जा. आधार, पासबुक आणि पेन्शनचे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख जुळते का ते बघा. जुळत नसेल तर आत्ताच, मालक हयात असतील तर ते असतानाच, दुरुस्ती करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यासाठीच आहे, पण एकट्या बाईला तिथली पायरी चढायचा धीर होत नाही. सोबत जा.

समोर एनसीसीची मुलं-मुली बसली आहेत. बाहेर एक टेबल मांडलं आहे, त्यावर वही आहे. आठवड्यातली एक दुपार ज्यांना देता येईल त्यांनी नाव आणि फोन नंबर लिहून जा. इंग्रजीत अर्ज लिहिता येणारे दोघे-तिघे आम्हाला तातडीने हवे आहेत.