युद्धातले बाळंतपण : पिशवी आणि सुईण

टेबलावरची ही पिशवी आधी नीट पाहून घ्या, कारण आजचे माझे बोलणे हिच्याभोवतीच फिरणार आहे. हिच्यात जमिनीवर अंथरायला प्लास्टिकचा एक तुकडा आहे, साबणाची वडी आहे, नाळ बांधायला दोन दोरे, ती कापायला नवे कोरे ब्लेड, हातमोजांची जोडी आणि बाळाला पुसून गुंडाळायला सुती कापड आहे. शिवाय चित्रांचा एक कागद आहे, कारण ही पिशवी ज्या बाईच्या हाती पडेल तिला वाचता येईलच असे नाही. या वस्तू मी काल संध्याकाळी इथल्याच बाजारातून गोळा केल्या, मात्र यादी माझी नाही. युद्धातून जीव वाचवून निघालेल्या, पोट दिसू लागलेल्या प्रत्येक बाईला द्यावा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने जो संच ठरवला आहे, त्याची ही यादी आहे.

एके काळी मदतकार्याचा क्रम ठरून गेलेला होता: पाणी, धान्य, ताडपत्री, गोवराची लस, हगवणीचा बंदोबस्त. बायकांचे प्रश्न छावणी जरा स्थिरस्थावर झाली की बघू, असे म्हटले जाई, आणि त्यात कुणाचा दुष्टावा होता असेही मी म्हणणार नाही. १९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत निर्वासित स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याची दखल घेतली गेली, पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संघटना यांचा एक संयुक्त गट उभा राहिला, आणि त्यातून अगदी आरंभी द्यायच्या किमान सेवांचा एक आराखडा निघाला. शक्यतो पहिल्या ४८ तासांत या सेवा सुरू व्हाव्यात, असे त्याचे म्हणणे आहे. त्यामागचा हिशेब शाळकरी आहे. दर हजारी ४० जन्म धरले, तर १० हजार लोकांच्या छावणीत वर्षाला ४०० बाळंतपणे होणार, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत १००. आणि त्यांतली सुमारे १५ बिकट होणार. त्या १५ जणींना थांबायला सांगण्याची सोय नसते.

पण नेमक्या या १५ जणींना ही पिशवी पुरी पडत नाही. साबण आणि कोरे ब्लेड जंतुसंसर्ग टाळतात, बाळाचा धनुर्वात टाळतात, ते काही थोडे नव्हे. मात्र बाळ आडवे असेल, वार पडत नसेल, रक्तदाब चढून झटके येऊ लागले असतील, तर ब्लेड काय करणार? बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव दोनेक तासांत जीव घेऊ शकतो. त्यावरचे, गर्भाशय आवळायला लावणारे ऑक्सिटोसिन हे औषध तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, आणि जिथे वीज नाही तिथे बाटलीवरचे नाव तेवढे शाबूत राहते, आतला गुण उतरत जातो. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही. त्याच कामाचे, उष्णता सोसणारे कार्बेटोसिनही २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आले आहे. हे चांगलेच झाले. तरीही औषध केव्हा द्यायचे, पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळले की नाही हे कसे ओळखायचे, आणि आता इथे वेळ दवडायचा नाही, हिला शस्त्रक्रियेची सोय असेल तिथे हलवायचे, हा निर्णय घ्यायला शिकलेली सुईण लागते. पिशव्यांची खोकी विमानाने काही दिवसांत येतात. सुईण तयार व्हायला काही वर्षे जातात.

बांगलादेशातल्या कॉक्स बझारमध्ये हे फार स्पष्ट दिसले. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या रखाइन प्रांतात लष्करी कारवाई सुरू झाली आणि काही महिन्यांत तिथले सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान सीमा ओलांडून आले. कुतुपालोंगच्या जंगलातल्या टेकड्या उघड्या करून त्यांवर बांबू आणि ताडपत्रीची घरे उभी राहिली. पावसात त्या टेकड्यांचा चिखल होतो. कळा सुरू झालेल्या बाईला खाली आणायचे तर बांबूला झोळी बांधून आणायचे. बाहेरच्या कर्मचाऱ्यांना सहसा संध्याकाळपूर्वी छावणी सोडावी लागे, आणि कळा तर रात्री-अपरात्रीच सुरू होतात. आपल्याकडे गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आल्यावर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. बाईला दिवस भरण्याआधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्याची आपली माहेरघराची कल्पना त्या अनुभवातूनच आली.

त्यातून रोहिंग्या बायकांचा दवाखान्यावर विश्वास नव्हता. रखाइनमध्ये गावाबाहेर पडायला परवानगी लागायची, सरकारी दवाखाना म्हणजे धास्ती. त्यामुळे पुष्कळ जणी घरातच, ओळखीच्या दाईच्या हाताखाली बाळंत होत. दाईला हिणवून हा प्रश्न सुटत नाही. तिला धोक्याची लक्षणे सांगून, बाईला घेऊन ये, तूही तिच्याजवळ बस, असे म्हटले तर ती दवाखान्याची वाट दाखवणारी होते. बांगलादेशाचे नशीब एवढेच, की २०१३ च्या सुमारास त्याने सुईणींचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला होता, आणि संकट आले तेव्हा त्यातून बाहेर पडलेल्या तरुण मुली हाताशी होत्या. त्यांना छावण्यांत नेमले गेले, चोवीस तास चालणारी केंद्रे उभी राहिली. चितगावकडची बोली रोहिंग्यांच्या भाषेला जवळची आहे. ती येणाऱ्या मुलीचे निम्मे काम बोलण्यातच होऊन जाते.

या सुईणींच्या हाती आणखी एक गोष्ट होती, आणि ती एका जुन्या युद्धाची देणगी होती. १८६० ची दंडसंहिता आपल्यासारखीच बांगलादेशाच्याही वाट्याला आली, आणि तिच्यात आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपाताला मुभा नव्हती. आपण १९७१ मध्ये वेगळा कायदा केला. बांगलादेशात त्याच वर्षीच्या मुक्तियुद्धात बलात्कार झालेल्या स्त्रियांसाठी १९७२ मध्ये दंडसंहितेतली ती अट तात्पुरती बाजूला ठेवण्यात आली. पुढे १९७९ पासून, मूळ कलम तसेच ठेवून, चुकलेली पाळी आणण्याची सेवा, म्हणजे दिवस गेल्याची खातरजमा न करता सुरुवातीच्या आठवड्यांतच गर्भाशय रिकामे करण्याची सेवा, सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात दाखल झाली. कायद्याच्या अभ्यासकाला ही पळवाट वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो. कारण २०१७ मध्ये सैनिकांच्या अत्याचारातून दिवस गेलेल्या बायका सीमेपलीकडून आल्या, तेव्हा ही सेवा त्यांना देता आली.

वेळेचे गणित इथेही आहे. बलात्कारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांपर्यंत उपयोगी पडते, जितकी लवकर तितकी बरी. दारावर ‘अत्याचारग्रस्तांसाठी’ अशी पाटी लावली तर शेजारणीच्या देखत तिथे कोण पाऊल टाकेल? म्हणून ही औषधे बाळंतपणाच्या, लसीकरणाच्या त्याच खोलीत ठेवायची, जिथे कुणीही डोकेदुखीचे निमित्त करून येऊ शकते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तर हे निमित्त फारच लागते, कारण तिच्यासोबत बहुधा सासू आलेली असते.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१३ च्या २१२२ क्रमांकाच्या ठरावात बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा उल्लेख करून प्रजनन आरोग्याच्या सर्व सेवांची गरज मान्य केली होती. २०१९ च्या २४६७ क्रमांकाच्या ठरावात मात्र अमेरिकेने नकाराधिकाराची धमकी दिल्यावर या सेवांचा उल्लेख मसुद्यातून काढावा लागला. न्यूयॉर्कमध्ये शब्द गाळला जातो तेव्हा छावणीतल्या खोलीतले कपाट लगेच रिकामे होत नाही, पण पुढच्या वर्षी ते भरण्यासाठी पैसे मागताना बोट कशावर ठेवायचे, हा प्रश्न उभा राहतो.

आणि सुईण जिथे असते, तिथेही ती सुरक्षित नसते. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या १८ व्या कलमात बाळंतिणींची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयांवर हल्ला करण्यास स्पष्ट मनाई आहे. काबूलच्या दश्त-ए-बार्ची भागातल्या रुग्णालयाचा प्रसूती विभाग ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संघटना चालवत होती; २०१९ मध्ये तिथे सुमारे १६ हजार बाळंतपणे झाली. १२ मे २०२० च्या सकाळी बंदूकधारी आत शिरले. २४ जण मारले गेले, त्यांत १६ माता होत्या आणि एक सुईण. महिन्याभराने संघटनेने तिथले काम बंद केले. त्या सकाळी काही जणी आतल्या सुरक्षित खोलीत दार लावून बसल्या होत्या, आणि बाहेर गोळीबार चालू असताना त्यांच्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. या टेबलावर आहे त्यातले त्या खोलीत काहीच नव्हते, ना ब्लेड, ना दोरा. होता तो थोडा टॉयलेट पेपर, डोक्यावरच्या ओढण्या, आणि एक सुईण. तिने नुसत्या हातांनी ते बाळंतपण केले, नाळही हातांनीच तोडली आणि बाळाला ओढणीत गुंडाळले.