सवाईचा मंडप आणि रागांचे घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर महिना लागला की पुण्यात ओळखीची माणसे भेटल्यावर एकमेकांना विचारतात, ‘यंदा सवाईला येणार ना?’ या प्रश्नात संगीत हा शब्द नसतो आणि महोत्सव हाही नसतो. गावच्या जत्रेला जावे तसे पुणेकर ‘सवाईला’ जातात. सवाई गंधर्व ही वास्तविक एका गायकाची पदवी. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर हे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य; संगीत रंगभूमीवर आणि मैफलीत ते याच पदवीने ओळखले गेले. 1952 साली त्यांचे निधन झाले आणि 1953 पासून त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो आजही भरवते. 2011 साली भीमसेनजी गेले आणि उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘सवाई’ एवढेच आहे.

या उत्सवाला मी आणि माझे तीन स्नेही गेली बरीच वर्षे मिळून जात आहोत. आमच्यातील एक मैत्रीण शाळेत गणित शिकवत असे. एक मित्र कापडाचा व्यापारी असून तरुणपणी चार वर्षे तबला शिकलेला आहे. आणि तिसऱ्याला वाद्यसंगीत तेवढे आवडते, ख्यालगायनातील शब्द कळत नाहीत अशी त्याची कायमची तक्रार असते. आम्ही खुर्च्यांचे तिकीट कधी काढत नाही. भारतीय बैठकीत आपली सतरंजी अंथरावी, पाठीशी उशी घ्यावी, मध्ये थर्मास ठेवावा आणि पाय आखडले तर शेजाऱ्याची क्षमा मागून ते पसरावेत, हा आमचा परिपाठ आहे. खुर्चीवर बसलेला माणूस एकट्याने ऐकतो, असे माझे मत आहे. सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लागलेला असतो, त्यामुळे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोणाची मान हलली आणि कोणाची हलली नाही, हे न पाहताच कळते.

मला आज बोलायचे आहे ते मैदानावरच्या मंडपात गाणे ऐकण्याविषयी. पुण्यात चांगली नाट्यगृहे आहेत, त्यांतील आवाजाची व्यवस्था उत्तम असते आणि तेथे डास चावत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु बंद, वातानुकूलित सभागृहात दुपारचे तीन आणि रात्रीचे नऊ यांत काहीही फरक नसतो. दिवे मालवले की बाहेरचा प्रहर दारातच थांबतो. मंडपात तसे होत नाही. दुपारी उत्सवाला आरंभ होतो तेव्हा कनातीच्या फटींतून ऊन आत आलेले असते, लोक टोप्या घालून बसलेले असतात आणि स्वरमंचावरून भीमपलासी, मुलतानी किंवा पटदीप असा दुपारचा राग ऐकू येतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी कापडाचा रंग पिवळ्याचा राखाडी होतो, शाली पिशव्यांतून बाहेर निघतात, आणि मारवा किंवा पूरिया धनाश्री हे संध्याकाळचे राग गाणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

हवेतला हा बदल वाद्यांनाही जाणवतो. गारठ्याने तंबोऱ्याची धातूची तार आखडते आणि तिचा स्वर किंचित चढतो, तर दमट हवेत तबल्याच्या पुडीचे कातडे सैलावून तिचा स्वर उतरतो. म्हणजे एकाच संध्याकाळी दोन वाद्ये दोन विरुद्ध दिशांना जाऊ पाहतात, आणि त्यात मंचावरच्या प्रखर दिव्यांची ऊब आणखी वेगळा घोळ घालते. म्हणून दोन चिजांच्या मध्ये तबलजी हातोडीने तबल्याचे लाकडी गट्टे ठोकतो, मागे बसलेली शिष्यमंडळी तंबोऱ्याचे मणी सरकवतात, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर पुढेमागे करतात. नवखे श्रोते या वेळी उठून चहाला जातात. आमचा तबला शिकलेला मित्र मात्र याच वेळी सर्वांत एकाग्र असतो. स्वर जुळेपर्यंत तो बोलत नाही आणि आम्हालाही बोलू देत नाही. जुळला की ‘हं’ म्हणतो आणि थर्मासचे झाकण उघडतो.

आता आमच्या भांडणाकडे येतो. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर, म्हणजे गाण्याच्या ठराविक वेळा, वाटून दिलेले आहेत, हे आपण सर्व जाणता. आमच्या गणिताच्या बाईंना हे मुळीच पटत नाही. त्यांचा युक्तिवाद असा की मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांना स्वर तेच लागतात. रिषभ म्हणजे रे कोमल, मध्यम म्हणजे म तीव्र, आणि पंचम म्हणजे प वर्ज्य, अजिबात न लागणारा. मग मारवा आणि पूरिया संध्याकाळचे कसे आणि सोहनी उत्तररात्रीचा कसा? यावर मी नेहमीचे उत्तर देतो की मारव्यात रिषभ आणि धैवत यांचे प्राबल्य असते आणि षड्ज, म्हणजे सा, सारखा हुलकावणी देतो, पूरिया मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात गंधार-निषादाच्या आधाराने रमतो, आणि सोहनी वरच्या षड्जाभोवती झेपावत राहतो, त्यामुळे तिन्हींचा स्वभाव वेगळा होतो. त्या म्हणतात, ‘स्वभाव वेगळा, हे मान्य. पण त्यातला एक सूर्यास्ताचाच कशावरून? दक्षिणेतल्या कर्नाटक संगीतात ही वेळेची बंधने कोणी एवढी पाळत नाही आणि तिकडच्या श्रोत्यांचे काही बिघडलेले नाही. तुम्ही लहानपणापासून संध्याकाळी मारवा ऐकलात म्हणून तुम्हाला त्यात संध्याकाळ दिसते.’ खुद्द सवाई गंधर्वांचे कुंदगोळ कर्नाटकात, धारवाडच्या मुलखात आहे, याची आठवण करून द्यायलाही त्या विसरत नाहीत.

या युक्तिवादाला माझ्याजवळ खोडून काढणारे उत्तर नाही. एका वर्षी मात्र ऐन सूर्यास्ताच्या वेळी मंचावर मारवा सुरू झाला. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात गायक रिषभावर थांबत होता, षड्जाकडे येतो आहे असे वाटायला लावून परत वळत होता, आणि मंडपात अजून दिवे लागले नव्हते. पुष्कळ वेळाने षड्ज लागला तेव्हा आसपासच्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. मी बाईंकडे पाहिले. त्यांनी शाल डोक्यावरून घेतली होती आणि त्या समोर पाहत होत्या. चहाच्या वेळी त्या या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तोच युक्तिवाद पहिल्यापासून पुन्हा मांडला, ही गोष्ट वेगळी.

प्रहरांचे हे घड्याळ एके काळी मंडपात पूर्ण फिरत असे, कारण उत्सव रात्रभर चालत असे. आमच्या तरुणपणी आम्ही स्वेटर, कानटोप्या आणि घोंगडी घेऊन जात असू आणि आळीपाळीने झोपत असू. झोपताना जागणाऱ्याला सूचना देऊन ठेवायची असे. कोणी सांगे, ‘सतार आली की उठव’. तबलेवाला मित्र सांगे, ‘ललत लागला तरच उठव, नाहीतर नको’. बागेश्री, मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग आपापल्या वेळी यायचे, मंडपाबाहेर भज्यांच्या कढईभोवती लोक हात शेकायचे, आणि पहाटे ललत किंवा तोडी सुरू असताना कनातीच्या कडेने उजाडू लागायचे. आपण रात्र जागून काढली हे कोणाच्या घड्याळाने सांगावे लागत नसे.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्या जागी ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्री बारापर्यंत शिथिल करता येते. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमांना बळकटी दिली. आता उत्सव दुपारी सुरू होतो आणि सूट मिळालेला दिवस सोडला तर दहाला आवरता घ्यावा लागतो. या नियमाला नावे ठेवण्याची आमच्या वयाच्या श्रोत्यांत पद्धत आहे, मी मात्र त्यांत नाही. शहराच्या मध्यभागी शाळेच्या पटांगणावर मंडप असेल, तर शेजारच्या वाड्यात परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असते, आजारी म्हातारी असते, आणि सकाळी सहाची पाळी असलेला कामगारही असतो. त्याने आमचा दरबारी का सोसावा? परंतु नियम योग्य आहे म्हणून त्यामुळे काय गेले ते सांगू नये, असे नाही. मंडपातला सोहनी गेला, ललत गेला, आणि मालकंसाला नऊ वाजताच यावे लागते, तेही पुढच्या कलाकाराची वेळ झाली आहे या धास्तीत.

उत्सवाची जागाही बदलली. रमणबाग शाळेच्या पटांगणावर अनेक वर्षे काढल्यावर 2018 पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरू लागला. 2009 चा उत्सव स्वाइन फ्लूच्या साथीमुळे पुढच्या जानेवारीत झाला होता, आणि करोनाच्या काळात दोन वर्षे तो झालाच नाही. त्या दोन डिसेंबरांत आम्ही चौघे एकमेकांना दूरध्वनी करून जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवत असू. वाद्यसंगीतवाल्या मित्राने एका संध्याकाळी आपणहून मारवा लावला आणि वर ‘शब्द कळत नाहीत’ हे सांगितलेच.

2022 साली उत्सव पुन्हा भरला तेव्हा आम्ही पाचही दिवसांचे तिकीट काढले. गुडघे आता पूर्वीसारखे वळत नाहीत, म्हणून दोन उश्या जास्त नेल्या. सतरंजी मात्र तीच होती, कडेला एके ठिकाणी सांडलेल्या चहाच्या डागासह.

या उत्सवाची सांगता करण्याची एक रीत आहे. शेवटचे गायन संपले की सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. पाच दिवस तासातासाचे ख्याल ऐकल्यावर हे एवढेसे गाणे, तेही खरखरीसह, ऐकण्यासाठी हजारो माणसे थांबून राहतात. ज्यांच्यासाठी हे सगळे चालते त्यांचा आवाज त्या दिवशी तेवढाच ऐकू येतो. त्या वर्षीही तो सुरू झाला आणि मंडपातली कुजबुज थांबली. तबलेवाला मित्र डोळे मिटून होता. मीही मिटणारच होतो, इतक्यात गणिताच्या बाईंनी मला कोपराने ढोसले. त्यांनी मनगट माझ्या नाकापुढे धरले आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने घड्याळाच्या काचेवर दोनदा टकटक केले.

भैरवी हा सकाळचा राग आहे. घड्याळात रात्र होती.

गाणे संपेपर्यंत मी गप्प राहिलो आणि मग सतरंजीची घडी घालू लागलो. दुसरे टोक बाईंनी धरले.