इन्यो: उतारावर वसलेला जिल्हा

मित्रहो, कॅलिफोर्निया म्हटलं की समुद्रकिनारा आठवतो, हॉलिवूड आठवतं. आज मात्र त्याच राज्याच्या पूर्वेकडच्या इन्यो काउंटीत जाऊ. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे २६,००० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत वस्ती जेमतेम १९,०००. एवढ्या मुलखात रीतसर शहराचा दर्जा असलेलं गाव एकच, बिशप.

आधी जमीन कशी आहे ते पाहू. पश्चिमेच्या हद्दीवर सिएरा नेवाडा या पर्वतरांगेचं शिखर माउंट व्हिटनी, उंची ४,४२१ मीटर. पूर्वेला डेथ व्हॅली, तिथलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. दोहोंत सरळ रेषेत साधारण १३५ किलोमीटर अंतर. पॅसिफिकवरून आलेले ढग सिएराच्या पलीकडच्या अंगालाच रिते होतात, त्यामुळे इन्यो पर्जन्यछायेत. पण माथ्यावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि ओढे होऊन पूर्वेला उतरतो. ओवेन्स नदीचं खोरं जगलं ते या बर्फावर. नदी समुद्राला मिळतच नाही, ती ओवेन्स तळ्यात जाऊन संपायची.

इथले मूळ रहिवासी पायूट. या खोऱ्याला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच ‘वाहत्या पाण्याची भूमी’. बिशपजवळ ते ओढे अडवून पाट काढत आणि रानातल्या कंदमुळांना पाणी देत. गोरे पशुपालक आले, गुरं त्या कंदांच्या जागेत शिरली, लढाया झाल्या. १८६३ मध्ये लष्कराने शेकडो पायूटांना डोंगरापलीकडे फोर्ट तेहोनला हाकलत नेलं. काउंटी स्थापन झाली १८६६ मध्ये, म्हणजे त्यानंतर तीनच वर्षांनी. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. या मुलखाचा इतिहास १८६६ पासून मोजला, तर पाट काढणारी माणसं त्यातून गळतात.

पुढे पाण्यावर नजर पडली ती लॉस एंजेलिसची. खोरं शहरापेक्षा बरंच उंच आहे. विल्यम मलहॉलंड या अभियंत्याने तोच उतार वापरला. १९०५ पासून शहराने इथल्या जमिनी आणि त्यांचे पाणीहक्क विकत घेतले. १९१३ मध्ये ३७५ किलोमीटरचा कालवा सुरू झाला. त्यात कुठे पंप नाही, सगळं पाणी उताराने जातं. उद्घाटनाला मलहॉलंड म्हणाला, “ते पाहा. घ्या.” अभियांत्रिकी म्हणून ते काम थोर आहे, यात मला शंका नाही. पण ज्या उंचीमुळे खोऱ्याला पाणी मिळालं, तिच्याचमुळे ते निघूनही गेलं. १९२४ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावले, अलाबामा हिल्सजवळचे दरवाजे ताब्यात घेऊन काही दिवस पाणी नदीत सोडून दिलं. पण तळं आटलंच.

आता याच खोऱ्यातलं मँझनार. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ सफरचंदाची बाग. गावही तसंच होतं, सफरचंद-नासपतीच्या बागांचं. लॉस एंजेलिसने जमीन आणि पाणी घेतलं आणि गाव ओस पडलं. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबायला जागा हवी होती, तेव्हा ही ओसाड जमीन निवडली गेली. काटेरी तारांमागे १०,००० हून अधिक माणसं राहिली, त्यांतली बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. त्यांच्यात शेतकरी होते, माळी होते. जुन्या गावाची टाकून दिलेली झाडं त्यांनी छाटली, त्यांना पाणी दिलं आणि ती पुन्हा फळली. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

आणि तळं? कोरड्या तळातून उडणारी खारी धूळ अनेक वर्षं अमेरिकेतल्या सर्वांत वाईट धूळ-प्रदूषणांपैकी एक होती. अखेर लॉस एंजेलिसला २००१ पासून तळाच्या काही भागांवर उथळ पाणी सोडावं लागलं. त्या पाण्यात खारं पाणी मानवणाऱ्या माश्या वाढल्या आणि त्या टिपायला स्थलांतर करणारे पाणपक्षी पुन्हा उतरू लागले.