सोयाबीनच्या मुळाशी हायड्रोजन मोजताना

सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं फोडली की आत गुलाबी-लाल रंग दिसतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलामुलींनी तो पाहिलेलाच असतो. त्या गाठीत हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो, आणि हे करताना नायट्रोजनेज हे विकर नायट्रोजनच्या एका रेणूमागे हायड्रोजनचा किमान एक रेणू सोडतं. गाठीत राहणारे काही रायझोबियम जिवाणू तो परत वापरतात, बाकीच्यांचा मातीत निसटतो. म्हणजे झाडानं कमावलेली ऊर्जाच गेली. मराठवाड्याचा खरीप ज्या पिकावर उभा आहे, त्याच्या मुळाशी चाललेली ही गळती आपल्याला मोजता यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी हा मायक्रोसेन्सर. निमुळती काचेची नळी, टोकाला सिलिकॉनचा पडदा, आत इलेक्ट्रोलाइट (वीज वाहून नेणारा द्रव) आणि प्लॅटिनमचा अ‍ॅनोड, म्हणजे धनाग्र. पडद्यातून आत झिरपलेल्या हायड्रोजनचं अ‍ॅनोडवर ऑक्सिडीकरण होतं आणि पिकोअँपिअरमध्ये मोजावा लागेल इतका बारीक प्रवाह वाहतो. अ‍ॅनोडला साधारण 1000 मिलिव्होल्ट द्यायचे. व्होल्टेज दिल्यादिल्या मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो. प्रवाह हळूहळू उतरून स्थिर होतो. म्हणून सेन्सर आदल्या संध्याकाळीच जोडून ठेवा, आणि यूपीएसवरच. रात्री लाइट गेली तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खरी मेहनत कॅलिब्रेशनची, म्हणजे हायड्रोजनचं प्रमाण माहीत असलेल्या दोन बिंदूंवर सेन्सरचा आकडा जुळवून घेण्याची. शून्यासाठी हायड्रोजन नसलेलं पाणी पुरतं. दुसऱ्या बिंदूसाठी पाण्यात हायड्रोजन सोडायचा, तोही फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), कारण हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरे. बुडबुडे टोकावर आदळू देऊ नका. 25 अंश सेल्सिअसला, हायड्रोजनचा दाब एक अ‍ॅटमॉस्फिअर असेल तर, लिटरमागे सुमारे 780 मायक्रोमोल विरघळतात. पण हा आकडा जसाच्या तसा वहीत उतरवू नका. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इथला हवेचा दाबच सहाएक टक्के कमी, त्यात पाण्याच्या वाफेचा वाटा वेगळा. बॅरोमीटर बघा, हिशेब करा, मग लिहा. तापमानाचंही तसंच. एक अंश फरक पडला तरी सिग्नल दोन-तीन टक्के हलतो. एप्रिलमध्ये एसी लावून कॅलिब्रेशन केलं आणि दुपारी तो बंद करून नमुना मोजला, तर ती मोजणी फुकट गेली.

आता नमुना. गाठ कडक असते, त्यात टोक खुपसलंत तर काच गेलीच. गाठी असलेलं मूळ जेलीसारख्या पातळ अगारमध्ये बसवा आणि मायक्रोमॅनिप्युलेटरनं, म्हणजे टोक अगदी बारीक अंतरानं हलवणाऱ्या उपकरणानं, 100 मायक्रोमीटरच्या टप्प्यांनी गाठीच्या दिशेनं सरका. प्रत्येक टप्प्यावर सिग्नल स्थिरावू द्या. गाठीतून हायड्रोजन निसटत असेल तर जवळ जाऊ तसा आकडा चढतो. टोक पुसायला टिश्यू वापरू नका, पाण्यानं धुवा. पाणी साचलेल्या काळ्या मातीचा नमुना असेल तर आधी वास घ्या. हायड्रोजन सल्फाइडचंही अ‍ॅनोडवर ऑक्सिडीकरण होतं, त्यामुळे कुजक्या अंड्याचा वास आला तर मिळालेला आकडा हायड्रोजनचा म्हणून लिहायचा नाही. मोजणी संपल्यावर दोन्ही बिंदू पुन्हा तपासा. ते सरकलेले निघाले तर तेवढी सगळी मोजणी पुन्हा करायची.