दवाखान्यात देव का नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथले आदिवासी आजारी पडले तरी मोठ्या दवाखान्यात जायला बिचकायचे. का, हे त्यांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. एवढ्या इमारतीत आम्ही हरवतो. तिथली भाषा समजत नाही. घरच्यांना बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत. आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आणि तिथे देव नाही, मग माणूस बरा कसा होणार?

यावर लोकांना शहाणं करून सोडायची मोहीम निघू शकली असती. आपल्याकडे बहुधा तेच होतं. इथे दवाखानाच बदलला. शोधग्रामला, म्हणजे ‘सर्च’च्या आवारात, तो आदिवासी गावासारखा, झोपड्याझोपड्यांचा उभा राहिला. पेशंटजवळ घरचं माणूस राहू लागलं. आवारात देवी आली आणि दवाखान्याला तिचंच नाव मिळालं, माँ दंतेश्वरी. उपचारांचं शास्त्र मात्र तेच राहिलं.

हे मुद्दाम सांगतो, कारण विचारणं म्हणजे मागेल ते देणं नव्हे. अशक्तपणा वाटतो म्हणून ‘एक सलाईन लावाच’ असा हट्ट धरणाऱ्याला नाही म्हणावं लागतं. फक्त का नाही, ते त्याला कळेल असं सांगायचं.

शहरात काय दिसतं? आजी समोर बसलेली असते आणि डॉक्टर मुलाला विचारतात, “जेवतात का नीट?” मुलगाही खुशाल उत्तर देतो! वॉर्डात तर माणसाचा ‘बारा नंबर’ होतो.

घरी आजीची काळजी घ्यायला नर्सिंग ब्युरोकडून मावशी येतात, तेव्हा आपण त्यांना गोळ्यांच्या वेळा सांगतो. आजीला कुठल्या कानाने ऐकू येतं, अंघोळ पूजेआधीच लागते, परक्या पुरुषाने कपडे बदललेले चालत नाहीत, हे राहून जातं. ते एका कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्यापाशी ठेवा. पण लिहायचं ते आजीला विचारून, परस्पर नाही. बोलता येत नसेल तर दोन पातळं समोर धरा, ती नजरेने सांगेल.

याला वेळ लागतो, मान्य. भरलेल्या वॉर्डात एकट्या नर्सने तो कुठून आणायचा, हे तिला विचारू नका. तिच्या जोडीला दुसरी नर्स न नेमणाऱ्यांना विचारा.