आलेखातला खड्डा आणि स्टीलचा डबा

(दृश्य: टेबलावर हिरवट बोर्ड. त्यावर तांब्याचा एक आयत, बाजूला स्टीलची पट्टी.)

हा आयत 37.3 मिलिमीटर रुंद आणि 28.8 मिलिमीटर लांब आहे. खाली 1.6 मिलिमीटर जाडीचा एफआर-फोरचा थर, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी. त्याच्या पाठीवर सलग तांबं, ते ग्राउंड. या आयताला पॅच म्हणतात आणि सगळं मिळून झाला मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेना. वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथचा इलाका.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला हा अँटेना बहुतेकांच्या हातून एकदा तरी जातोच. माप काढायला वेळ लागत नाही. हवेत या लहरीची लांबी 122 मिलिमीटर, अर्धी 61. बोर्डाचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे तो लहरीला किती आखडतो त्याचं माप, 4.4 धरायचा. क्षेत्राचा थोडा भाग हवेत असल्यामुळे हिशेबात तो 4.08 च्या आसपास येतो. लहर त्याच्या वर्गमुळाच्या पटीत आखडते आणि 61 चे सुमारे 30.3 होतात. पुढे थोडी कातरी लावायची, की उत्तर 28.8. कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांचं काम.

ती कातरी लागते, कारण पॅचचं विद्युतक्षेत्र तांब्याच्या कडेला येऊन थांबत नाही. दोन्ही टोकांना ते बाहेर फुगतं, त्यामुळे पॅच आहे त्यापेक्षा दोन्हीकडे पाऊण-पाऊण मिलिमीटर लांब असल्यासारखा वागतो. गंमत म्हणजे लहर हवेत सुटते ती या फुगलेल्या भागातूनच. आयताचा मधला सगळा भाग फक्त ये-जा करणाऱ्या प्रवाहासाठी. टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त, मधोमध शून्य.

(दृश्य: ड्रिलनं पॅचच्या मध्यावर भोक. त्यातून तार घालून ती ग्राउंडला सोल्डर केली जाते.)

मध्याला शून्य असतं हे करून पाहता येतं. पॅचच्या बरोबर मधून तार ओवली आणि ग्राउंडला डकवली. एरवी याला सरळ शॉर्ट सर्किट म्हणतात. इथे अँटेनाची वारंवारता जवळपास जागची हलत नाही. तीच तार टोकाकडे सरकवून पाहा, अँटेना पार बिघडतो.

केबल कुठे जोडायची, याचं उत्तरही याच गणितात आहे. टोकाला या बोर्डावर रोध दीडशे ओहमच्या आसपास, मध्याला शून्य. आपली केबल 50 ओहमची. म्हणजे टोकापासून साधारण 8-9 मिलिमीटर आत एक जागा अशी असणार, जिथे पॅचही 50 ओहमचा दिसतो. तिथे भोक पाडून खालून एसएमए कनेक्टरची पिन वर आणायची.

कल्पना तशी जुनी. जॉर्ज डेशाँ यांनी ती 1953 साली अमेरिकेत मांडली. पण पुढची जवळपास वीस वर्षं कुणी फारसं हात लावला नाही, कारण लहर न खाणारे चांगले बोर्डच मिळत नव्हते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मन्सन यांनी क्षेपणास्त्रांच्या अंगाला गुंडाळता येतील असे अँटेना करून दाखवले, तेव्हा या विषयाला खरी गती आली. ‘बोर्ड लहर खातो’ ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळी गोम तिथेच आहे.

(दृश्य: नको ते तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडचा ट्रे. बोर्ड हलवणारा हातमोजा.)

आता प्रत्यक्षात या. पुण्यात तपकीर गल्लीतून किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून कॉपर क्लॅड, म्हणजे तांबं चढवलेला कोरा बोर्ड आणला. त्याचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट नेमका किती, ते दुकानदाराला ठाऊक नसतं आणि त्याला विचारण्यात अर्थही नसतो. 4.4 च्या जागी 4.2 निघाला, तर वारंवारता पन्नास-पंचावन्न मेगाहर्ट्झ वर सरकते. पॅच एक मिलिमीटर चुकला, तर सुमारे 80 मेगाहर्ट्झचा फरक. वाय-फायचा अख्खा पट्टाच 83.5 मेगाहर्ट्झचा आहे! त्यामुळे जाणते लोक पॅच मुद्दाम थोडा लांब ठेवतात आणि मग कटरनं केसाएवढं तांबं खरवडत वारंवारता वर आणतात. उलटं झालं तर तांब्याची टेप चिकटवून लांबी वाढवावी लागते. तेही चालतं, दिसायला मात्र ओंगळ.

मग येतो नेटवर्क अॅनालायझर, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते मोजणारं यंत्र. हल्ली तळहातावर मावणारे, 3 गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारे स्वस्त नॅनोव्हीएनए मिळतात. ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन करायचं आणि अँटेना जोडायचा. पडद्यावरची रेघ सपाट येता येता 2.45 ला खोल खड्डा घेते. उणे 25, कधी उणे 30 डेसिबल. हा रिटर्न लॉस. पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली ते तो सांगतो. उणे 10 म्हणजे दहा टक्के परत आली, उणे 30 म्हणजे हजारातला एक भाग.

अहवालात हा खड्डा पानभर छापला जातो, जितका खोल तितकं कौतुक जास्त. खरं तर उणे 15 आणि उणे 35 यांत अँटेनाच्या कामात शोधूनही फरक सापडणार नाही. आणि त्याहून मोठी अडचण पुढे आहे.

(दृश्य: अँटेना काढून त्या जागी छोटासा 50 ओहमचा लोड बसवला जातो.)

अँटेनाच्या जागी कॅलिब्रेशनचाच 50 ओहमचा लोड, म्हणजे शक्ती शोषून घेणारा साधा रोध लावा. आता रिटर्न लॉस उणे 40, तोही सगळ्या वारंवारतांना. बँडविड्थ, म्हणजे खड्डा पुरेसा खोल असतो तो वारंवारतांचा पट्टा म्हणाल, तर अमर्याद. हवेत मात्र लहरीचा टिपूस नाही, सगळी शक्ती गरम होण्यात गेली. शक्ती परत आली नाही, एवढंच आलेख सांगतो. ती गेली कुठे, ते तो सांगत नाही.

ते शोधायची युक्ती हॅरल्ड व्हीलर यांनी 1959 मध्ये दिली. अँटेनावर धातूचं टोपण घालायचं, बस्स. आपल्याकडे त्याला स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा चालतो, तोंड सात-आठ सेंटीमीटरचं. फार मोठा घेऊ नका. दहा सेंटीमीटर व्यासाचा डबा स्वतःच 2.3 गिगाहर्ट्झच्या आसपास घुमू लागतो आणि मोजमाप नासतं. बोर्ड डब्याच्या तोंडाएवढाच कापायचा आणि ग्राउंडची तांब्याची टेप कडेवरून वर वळवायची, म्हणजे डब्याची कड सगळीकडून ग्राउंडला टेकते.

(दृश्य: डबा बोर्डावर दाबून धरलेला हात. मागे पडद्यावर आलेख.)

डब्यातून लहर बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे अँटेना चांगला असेल, तर शक्तीला परत फिरण्यावाचून गत्यंतर नाही आणि खड्डा नाहीसा व्हायला हवा. एफआर-फोरच्या आपल्या पॅचवर डबा ठेवला की खड्डा किंचित सरकतो, पण जात नाही. हिशेबानं तो उणे 11 डेसिबलच्या आसपास उरतो. बाहेर जायला वाट नाही, तरी नव्वद टक्क्यांहून जास्त शक्ती परत येत नाहीये. ती बोर्डानं खाल्ली.

एफआर-फोरचा लॉस टँजंट, म्हणजे बोर्ड लहर किती खातो त्याचं माप, 0.02 च्या घरात असतो. तो धरून हिशेब केला, तर डबा काढल्यावरही या पॅचची कार्यक्षमता 44 टक्क्यांच्या आसपास येते. निम्म्याहून जास्त शक्ती इपॉक्सी तापवण्यात जाते. आणि हाच तोटा आलेखात गुण म्हणून मिरवतो! तोटा नसता तर या पॅचची बँडविड्थ 27-28 मेगाहर्ट्झ असती. तोट्यामुळे ती 60-65 दिसते. इतकं गमावूनही वाय-फायचा पट्टा पुरता झाकला जात नाहीच.

हाच अँटेना आरटी ड्युरॉइड 5880 या लहर कमी खाणाऱ्या बोर्डावर केला, तर लॉस टँजंट 0.0009. डबा ठेवताच खड्डा जवळजवळ बुजतो, कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आगेमागे. किंमत मात्र विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी नाही. शिवाय डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट 2.2 असल्यामुळे पॅच मोठा होतो, सुमारे 48 बाय 41 मिलिमीटर.

बँडविड्थ हवी असेल, तर ती तोट्यातून न काढण्याचे मार्ग आहेत. 1984-85 मध्ये गिरीश कुमार आणि के. सी. गुप्ता यांनी मुख्य पॅचच्या कडांना बारीक फट ठेवून आणखी पॅच बसवले. त्यांना केबल नाही, शक्ती फट ओलांडून येते. जरा वेगळ्या मापाचे हे शेजारी आपापल्या वारंवारतेला अनुनाद देतात, आणि जवळजवळचे खड्डे मिळून एक रुंद पट्टा होतो. गिरीश कुमार पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते आणि रुंद पट्ट्याचे पॅच अँटेना हा त्यांचा खास विषय राहिला.

पट्टा अरुंद चालत असेल, तर मात्र पॅच खुशाल आखडावा. जीपीएस घ्या. 1575.42 मेगाहर्ट्झला हवेतली अर्धी लहर 95 मिलिमीटर, पण ड्रोनवरचा जीपीएसचा सिरॅमिक पॅच 25 मिलिमीटरचा चौकोन असतो. साध्या नागरी सिग्नलला सुमारे 2 मेगाहर्ट्झ पुरतात, म्हणून हे जमतं. आणि ते सिरॅमिक लहर फारशी खात नाही.

(दृश्य: टोलनाका. लेनवरच्या कमानीला लावलेली पांढरी चौकोनी पेटी, खालून गाडी जाते.)

आणि कमी पैशात कार्यक्षमता हवी असेल, तर बोर्डच काढून टाका. पत्र्याचा पॅच नायलॉनच्या स्पेसरवर ग्राउंडपासून पाच मिलिमीटर उचलला, की मधे फक्त हवा, आणि हवा काही खात नाही. 2.45 ला त्याची लांबी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास जाते. फास्टॅग वाचणारी यंत्रणा 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालते, तिथे अर्धी लहर 17 सेंटीमीटर. कमानीवर जागेची ददात नाही, त्यामुळे अशा पेट्यांत हवेवर उचललेला पॅच परवडतो. वर्तुळाकार ध्रुवीकरणासाठी, म्हणजे लहरीचं विद्युतक्षेत्र गोल फिरत जावं म्हणून, त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे छाटले, की काचेवरचा टॅग आडवा लागलाय की उभा, हा प्रश्न उरत नाही.