ताप उतरल्यावरचे चार आठवडे

ताप उतरलाय. सलाइन निघालंय. मूल आईकडे बघून दूध मागतंय आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडलाय. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह. जिवाणूंमुळे झालेल्या या आजारातून मूल वाचलं, ही खरंच मोठी गोष्ट. पण दवाखान्यातून निघण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: त्याला ऐकू येतंय का?

मेंदूभोवतालचा द्रव आणि आतल्या कानातला द्रव यांना जोडणारी एक बारीक वाट असते. त्या वाटेनं जंतुसंसर्ग कानातल्या शंखाकृती भागात, कॉक्लियात, शिरतो. आवाज टिपणाऱ्या पेशी तिथंच असतात, एका कानात साधारण १५,०००. त्या मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. हे नुकसान बहुतेकदा आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच होतं. न्यूमोकोकस जिवाणूचा धोका सगळ्यात जास्त. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोकोकल मेनिंजायटिस झालेल्या मुलांपैकी ३१ टक्के मुलांना कायमचा बहिरेपणा आला होता.

मूल बोलेनासं होतं, हाकेला ओ देत नाही. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. मग कुणीतरी मागून टाळी वाजवतं, मूल वळतं आणि विषय तिथंच संपतो. पण ते सावली बघूनही वळलं असेल, किंवा एकाच कानानं ऐकत असेल. खरं उत्तर बेरा चाचणीत मिळतं. मूल झोपलेलं असताना कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का, हे डोक्याला लावलेल्या तारांवरून मोजतात. दुखत काहीच नाही. ही तपासणी डिस्चार्जआधी, फार तर चार आठवड्यांत व्हायला हवी.

एवढी घाई का? कारण सुजलेल्या कॉक्लियात हाड भरू लागतं, काही मुलांमध्ये तर अवघ्या काही आठवड्यांत. बहिऱ्या कानासाठी कॉक्लिअर इम्प्लांट नावाचं यंत्र शस्त्रक्रियेनं बसवतात; ते कॉक्लियातल्या तारेतून आवाजाचे विद्युत संकेत थेट श्रवणाच्या नसेला देतं. पोकळी हाडानं भरली की ही तार आत सरकवणं फार कठीण होतं. म्हणून दोन्ही कानांचा बहिरेपणा गंभीर निघाला, तर एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवता येत नाही.

न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. इम्प्लांटचा खर्च झेपत नसेल, तर दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी केंद्राची एडिप योजना आहे. मुंबईतल्या वांद्र्याची अली यावर जंग ही श्रवणदोषावर काम करणारी राष्ट्रीय संस्था या योजनेतल्या इम्प्लांटचं काम पाहते.

शस्त्रक्रियेनंतर स्पीच थेरपी सुरू होते. आजाराआधी शिकलेले शब्द मुलाच्या मनात अजून ताजे असतील, तर ते त्यांच्याच आधारानं नवा आवाज ओळखायला शिकतं.